आकड्याचा उगमही उघडा ठेवा : कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्यांना खुले पत्र

कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

कायदा मंजूर करणारे वेगळे, तो राबवणारे वेगळे आणि त्याचा अर्थ लावणारे आणखी वेगळे. पण एखाद्या वाक्यात ‘आणि’ हवे की ‘किंवा’, कोणता शब्द व्याख्येत घ्यायचा, अपवाद कोणत्या पोटकलमात ठेवायचा, हे पहिल्यांदा तुमच्या टेबलावर ठरते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

मी वकील नाही. कारखान्यांच्या धुरांड्यांतून बाहेर पडणारे वायू मोजणारी यंत्रे तपासणे, त्यांचे कॅलिब्रेशन करणे, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी ताडून ती बरोबर मोजतात का हे पाहणे, आणि त्यांतून निघणाऱ्या आकड्यांच्या रांगा वाचणे, हे माझे काम. या कामात बरीच वर्षे गेली आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. पर्यावरणाचा जवळजवळ प्रत्येक कायदा शेवटी एका आकड्यापाशी येऊन थांबतो. घनमीटरमागे किती मिलिग्रॅम, लिटरमागे किती, तासाला किती. आकडा मर्यादेच्या आत असला की सगळे ठीक, बाहेर गेला की गुन्हा. पण तो आकडा कोणत्या यंत्राने टिपला, कोणत्या सॉफ्टवेअरने त्याची सरासरी काढली, कोणत्या नोंदी मध्येच गाळल्या, हे विचारायला गेलो की पर्यावरणाचा कायदा गप्प होतो. तिथे दुसऱ्याच कायद्यांचा अंमल सुरू होतो : कॉपीराइटचा, व्यापारी गुपितांचा आणि अलीकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा.

हे कायदे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या लोकांनी लिहिले. प्रत्येकाचा हेतू आपापल्या जागी रास्त होता. ते एकमेकांवर आदळतात ते यंत्राच्या आत, आणि तिथे बघायला सहसा कोणी नसते.

फोक्सवॅगन या मोटार कंपनीचे प्रकरण तुम्हाला माहीत असेलच, पण ते बहुतेकदा एका कंपनीच्या फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगितले जाते. मला ते मसुद्यांच्या बाजूने सांगायचे आहे. डिझेल गाड्यांच्या धुराची चाचणी प्रयोगशाळेत होत असे. गाडी रोलरवर उभी करायची, ठरलेल्या वेगाने ठरलेली मिनिटे चाके फिरवायची आणि नळीतून येणारा वायू मोजायचा. हा क्रम नियमांत छापलेला, म्हणजे सर्वांना माहीत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. मापनयंत्र गाडीतच बसवले आणि ती रस्त्यावर चालवली. तपासलेल्या तीन गाड्यांपैकी दोन रस्त्यावर भलताच धूर सोडताना आढळल्या. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. गाडीतले सॉफ्टवेअर स्टिअरिंग किती वळते, वेग कसा बदलतो, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब किती आहे, हे पाहून चाचणी सुरू असल्याचे ओळखत होते. चाचणी चालू असली की धूर रोखणारी यंत्रणा नीट काम करायची. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर होते.

आता त्याच वर्षातली दुसरी घटना पाहा. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरवरचे कुलूप तोडण्यास मनाई केली होती. गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या चोरट्या प्रती निघू नयेत, ही त्यामागची मुख्य चिंता. पण कुलूप गाण्यावर आहे की इंजिनावर, असा भेद कायद्याने केला नव्हता. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी आणि संशोधनासाठी गाडीचे सॉफ्टवेअर उघडून पाहण्याची सूट द्यावी, अशी मागणी कॉपीराइट कार्यालयापुढे होती. जुलैमध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनेच या सुटीला लेखी विरोध केला. मालक सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करतील आणि गाड्या जास्त धूर सोडतील, अशी तिची भीती होती. अवघ्या दोन महिन्यांत तिलाच नोटीस काढावी लागली, ती ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिले त्यांच्यावर. ऑक्टोबरमध्ये सूट मिळाली, पण ती लागू व्हायला एक वर्ष थांबावे लागले.

ती भीती निराधार होती असे मी म्हणत नाही. इंजिनाची सेटिंग बदलून देणारे लोक असतात. मला अस्वस्थ करते ते वेगळेच. हवेचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या संस्थेला कुलूप कोणाच्या हातात आहे यापेक्षा ते शाबूत आहे का, हे महत्त्वाचे वाटले. आणि त्या संशोधकांना कोडची एक ओळही पाहता आली नव्हती. त्यांनी बाहेरून, नळीच्या तोंडाशी मोजले. नळी नसलेल्या गोष्टी कशा मोजायच्या? कोणत्या कारखान्याची तपासणी आधी करायची, हे ठरवणारी संगणक प्रणाली असो किंवा पुराच्या धोक्याचा नकाशा काढणारी असो, तिला बाहेरून यंत्र लावता येत नाही. तिथे कोड आणि तिला दिलेला डेटा उघडून पाहणे, एवढाच मार्ग उरतो.

माझ्या कामातले दोन तपशील सांगतो, कारण मसुदा लिहिताना ते कोणी समोर ठेवत नाही. धुरांड्यातल्या यंत्राला ठरावीक काळाने शून्याचा वायू (ज्यात मोजायचा घटक मुळीच नाही असा) आणि ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन ते खरे बोलते का, हे पाहावे लागते. यंत्राचा आकडा हळूहळू खऱ्यापासून सरकत जातो. या तपासणीची नोंदवही नसेल, तर आकड्याला काही अर्थ राहत नाही, मग तो दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत का असेना. दुसरा तपशील कमाल मर्यादेचा. यंत्राची मोजण्याची मर्यादा २०० वर लावलेली असेल, तर ५०० चा धूर गेला तरी नोंद २०० चीच पडते. अहवालात तो आकडा अगदी स्वच्छ दिसतो. यात खोटे कोणी बोलले नाही, सेटिंगने काम केले. आणि हे सेटिंग माहितीच्या कोणत्याही कायदेशीर व्याख्येत नीटसे बसत नाही.

मी एकदा एका भागातल्या हवेच्या नोंदी रीतसर मागितल्या होत्या. मिळाल्या त्या महिन्याच्या सरासऱ्या, कागद स्कॅन करून काढलेल्या चित्रांच्या रूपात. तासागणिक नोंदी का नाहीत, या प्रश्नाला उत्तर आले की त्या पुरवठादाराच्या प्रणालीत आहेत आणि तिचा तपशील त्यांचे व्यापारी गुपित आहे. हवा सर्वांची, मोजणी सार्वजनिक पैशातून झालेली, आणि नोंद मात्र तिसऱ्याच्या मालकीची. यात कोणी नियम मोडला नव्हता. मसुद्यातच तशी जागा सोडलेली होती.

चांगला मसुदा काय करू शकतो, याचेही उदाहरण देतो. अमेरिकेने स्वच्छ हवा कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनंतर आम्लवर्षेला आवर घालण्यासाठी वीज प्रकल्पांच्या धुरांड्यांवर सतत मोजणारी यंत्रे सक्तीची केली. यंत्र बंद पडले तर काय? बहुतेक नियम इथे हात वर करतात आणि रिकामा रकाना रिकामाच राहतो. या नियमांनी वेगळी वाट धरली. यंत्र बहुतांश वेळ चालू असेल आणि खंड छोटा असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या तासाची सरासरी धरायची. यंत्र जितके कमी काळ चालू राहील, तितका भरायचा आकडा चढत जातो. चालू राहण्याचे हे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेले, तर शक्य तेवढे सर्वाधिक उत्सर्जन झाले असे मानायचे. म्हणजे यंत्र बंद ठेवण्यात फायदा उरत नाही, उलट ते चालू ठेवण्याची घाई कारखान्यालाच होते. तासागणिक नोंदी लोकांना पाहायलाही मिळतात. ज्या कोणी हे कलम लिहिले, त्याला यंत्र आणि माणूस दोन्ही कळत होते. हा नियम मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा कोणीतरी आमच्या खोलीत येऊन बसले होते, असे वाटले.

माहिती उघडी करण्याच्या कायद्यांचा इतिहास दुःखातून आलेला आहे, हेही विसरू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट गळले, तेव्हा टाक्यांत काय साठवले आहे याची आसपासच्या वस्त्यांना कल्पना नव्हती. डॉक्टरांपुढे माणसे आणली जात होती आणि उपचार कशावर करायचा, याची नीट माहिती त्यांच्याकडे नव्हती. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत कारखान्यांनी कोणती विषारी रसायने किती सोडली हे जाहीर करण्याची सक्ती झाली, त्यामागे भोपाळ होते. तो कायदा मोलाचा आहे. पण त्यातले आकडे अनेकदा कारखान्यांचे स्वतःचे अंदाज असतात, नव्याने मोजण्याची सक्ती तो करत नाही. माहिती जाहीर करणे आणि ती तपासता येणे यांत अंतर असते. तिथेच पाणी मुरते.

१९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यातल्या दहाव्या तत्त्वाने पर्यावरणाच्या माहितीचा नागरिकांचा हक्क मांडला. २५ जून १९९८ रोजी डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात त्याचा करार झाला. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या कुलपाला कायद्याचे बळ मिळाले, त्याच वर्षी दुसरीकडे माहितीचे दार उघडत होते. अमेरिका त्या करारात नाही, हे खरे. पण एका वर्षाचे हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचा, असा माझा आग्रह आहे. आर्हुस करारातले एक वाक्य तर मला कोणत्याही मसुद्यात उचलून ठेवावेसे वाटते. व्यापारी गोपनीयतेसाठी माहिती नाकारता येते, पण पर्यावरणाच्या रक्षणाशी संबंधित उत्सर्जनाची माहिती उघड करावीच लागते. याच विचाराच्या आधारे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये कीटकनाशकांच्या प्रकरणांत उत्सर्जनाचा अर्थ व्यापक लावला. मार्च २०१९ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाच्या विषारीपणाचे दडवलेले अभ्यासही उघडे करायला सांगितले. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांचा याच हक्काचा एस्काझू करार २०२१ पासून लागू झाला. दार उघडण्याची भाषा तयार आहे, ती नव्याने शोधायची नाही.

असे असूनही नवे मसुदे पुन्हा दार लोटून घेत आहेत, म्हणून हे पत्र.

डेटा सेंटरांचे, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवलेल्या केंद्रांचे, पाहा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल, असे ती संस्था सांगते. सर्व्हर थंड ठेवायला पाणीही लागते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात द डॅल्स नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या गुगलच्या डेटा सेंटरांना किती पाणी जाते, असे एका वृत्तपत्राने विचारले. नगरपालिकेने ते व्यापारी गुपित ठरवले आणि माहिती द्यावी लागू नये म्हणून २०२१ मध्ये न्यायालयात धाव घेतली. वर्षभराहून अधिक काळाने तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले : शहराच्या एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. नदीचे पाणी किती उचलले, हे कोणाचे व्यापारी गुपित कसे होऊ शकते? ज्या नळाला मीटर आहे, त्या नळाचे पाणी पिणाऱ्या सर्वांना तो आकडा ठाऊक असला पाहिजे.

युरोपीय संघाने २०२४ पासून ५०० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना वीज, पाणी आणि वाया जाणारी उष्णता यांचा अहवाल देणे सक्तीचे केले. पाऊल चांगले आहे. पण त्याच नियमात प्रत्येक केंद्राची वेगळी माहिती गोपनीय ठेवायची तरतूद आहे, लोकांपुढे एकत्रित आकडे येतात. धरण कोणत्या गावात आटते, हे खंडाच्या बेरजेत दिसत नाही. इतके करून शेवटच्या ओळीत हात का आखडला, असा प्रश्न मला पडतो.

आता खासगीपणाकडे वळतो. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही थोडे भांडायचे आहे. पर्यावरणाची काळजी करणारे आम्ही डेटा हवा, आणखी डेटा हवा, असे सहज म्हणतो. पण स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी विजेची नोंद करतो, तेव्हा घरात कोणी आहे का, लोक कधी झोपतात, कधी उठतात, हेही तो सांगत असतो. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती याच काळजीने रोखली. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की असा डेटा गोळा करणे ही घराची झडतीच आहे, मात्र त्या विशिष्ट योजनेत ती वाजवी आहे. मला हा निकाल विचारपूर्वक दिलेला वाटतो. डेटा किती बारीक, कोणाकडे आणि कशासाठी, यावर सगळे ठरते. विजेची बचत करायला घराघरातली पंधरा मिनिटांची नोंद यंत्रणेकडे पोहोचलीच पाहिजे असे नाही. हिशोब मीटरमध्येच करून बेरीज बाहेर पाठवता येते.

जंगलतोडीविरुद्धच्या युरोपीय नियमाचेही असेच. कॉफी, कोको, रबर, सोया, पाम तेल, लाकूड, गुरे ज्या जमिनीतून आली, तिचे अक्षांश-रेखांश द्यावे लागणार आहेत, आणि जमीन चार हेक्टरांहून मोठी असेल तर गुरे सोडून इतर मालासाठी तिची पूर्ण हद्द. जंगल वाचवायचे तर माल कुठून आला हे कळलेच पाहिजे, यावर दुमत नाही. पण दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा ठावठिकाणा व्यापाऱ्याच्या संगणकात जातो, त्याचे पुढे काय होते, तो चुकीचा निघाला तर दुरुस्त कोण करते, त्या नोंदीची प्रत शेतकऱ्याला मिळते का? लहान माणसाची जमीन अक्षांश-रेखांशांसकट नोंदली जाते आणि डेटा सेंटरचे पाणी बेरजेत लपते. हा तोल कोणी मुद्दाम बिघडवला असे मी म्हणत नाही. दोन मसुदे शेजारी ठेवून कोणी वाचले नाहीत, असे मला दिसते.

उलट बाजूही आहे. वैयक्तिक डेटाचे संरक्षण हे कधी कधी माहिती नाकारण्याचे सोयीचे कारण होते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, आणि जनहित मोठे असेल तर तीही द्यावी लागे. आता त्या पोटकलमात वैयक्तिक माहिती एवढाच निकष राहिला. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग अजून शिल्लक आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला अर्जदाराला जास्त वाट तुडवावी लागते. परवानगीच्या कागदावर सही कोणाची, तपासणीला कोण गेले, हे प्रश्न पर्यावरणाच्या प्रत्येक वादात येतात. सही करणारा माणूस असतो म्हणून सही खासगी होत नाही.

आता माझी मागणी. ‘पर्यावरणीय माहिती’ या शब्दाची व्याख्या करताना अंतिम आकड्यावर थांबू नका. मूळ नोंदी, कॅलिब्रेशनची वही, यंत्राची मर्यादा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि नोंदींपासून आकड्यापर्यंतची पद्धत, हे सगळे त्या व्याख्येत आणा. हवा, पाणी आणि माती यांत काय सोडले व त्यांतून काय घेतले, याला व्यापारी गुपिताच्या व्याख्येतून नावानिशी वगळा, म्हणजे पुढे प्रत्येकाला न्यायालयात जावे लागणार नाही. हरवलेली नोंद हरवणाऱ्याच्या अंगावर पडेल, असा नियम घाला. तो कसा लिहायचा, हे वर सांगितलेच आहे. चांगल्या हेतूने यंत्र किंवा सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला कॉपीराइटच्या आणि संगणक गुन्ह्यांच्या कायद्यातून स्पष्ट संरक्षण द्या. त्यात शोधलेली त्रुटी आधी नियामकाला कळवण्याची अट घालायला माझी हरकत नाही. माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्या, चित्रांच्या रूपात नको.

आणि माणूस व संस्था यांत फरक करा. घरातल्या नोंदी जितक्या बारीक, तितके त्यांचे संरक्षण जास्त हवे. कारखान्याच्या, प्रकल्पाच्या, डेटा सेंटरच्या नोंदी जितक्या बारीक, तितक्या त्या अधिक उघड्या हव्यात. एकाच शब्दाखाली दोन्ही ठेवले की जो बलवान असतो, तो त्या शब्दाच्या सावलीत उभा राहतो.

उपग्रहांबद्दल थोडेच लिहितो, कारण ते अजून बदलते आहे. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचे यंत्र मिथेनच्या मोठ्या गळती आकाशातून टिपते. पण त्याच्या प्रतिमेतला एक ठिपका काही किलोमीटर रुंद असतो. असा पुरावा कायद्याने घ्यावा, जरूर घ्यावा, मात्र आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहिलेली असेल या अटीवर. वकिलांना ही अट कमकुवतपणा वाटते. आम्हा मोजणाऱ्यांना तीच खरेपणाची खूण वाटते.

तुमचा पुढचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा मी येईन. सोबत माझ्या यंत्रांच्या नोंदवह्या असतील. कोणत्या रकान्यात काय लिहितात, कोणता रकाना कोरा सोडतात आणि तो का कोरा राहतो, हे ओळीने दाखवेन. दोन तासांचे काम आहे.

कळावे,

आपला नम्र,
धुरांड्यांवरची यंत्रे तपासणारा एक तंत्रज्ञ